चाकूला चुंबक लावू नका, आणि गॅसवर तर मुळीच धरू नका

‘जंगलात जीव वाचवणारा अस्सल चाकू ओळखा, सात खुणा’ हा मेसेज पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. ऑनलाइन मागवलेला चाकू एका हातात, मेसेज दुसऱ्या हातात, आणि फोनवर प्रश्न: “मामा, आपल्या गॅसवर पातं लाल व्हायला किती वेळ लागेल?” भोसरीच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं घडवतात तिथं, माझी उभी हयात गेली. हे ऐकून गप्प बसणं जमण्यासारखं नव्हतं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. चुंबक चिकटला तर पातं भेसळीचं. पात्यावर लाटांची नक्षी असेल तर ते दमास्कस, म्हणजे सर्वोत्तम. पातं जितकं जाड तितकं न मोडणारं. पाठीवर करवतीचे दाते आणि पोकळ मुठीत होकायंत्र हवं. कागद सर्रकन कापला की पोलाद चांगलं, गंज चढला की वाईट. आणि कळस म्हणजे, घरी आणल्यावर पातं गॅसवर लालबुंद करून मिठाच्या बर्फगार पाण्यात बुडवलं की त्याला ‘सैनिकी कडकपणा’ येतो. खाली नेहमीचंच: सर्वांना पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल.

शेवटच्या खुणेपासून सुरू करतो, कारण तिच्यापायी एखाद्याचा डोळा जाईल.

पोलाद लाल करून बुडवतात हे खरं आहे. गावचा लोहार कोयत्याला पाणी पाजतो ते हेच. पण ते अर्धंच काम झालं. तापलेलं पोलाद झटक्यात थंड केलं की त्यातला कार्बन जागच्या जागी अडकतो आणि पातं कमालीचं कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते लगेच पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तास-दोन तास तापवून थोडा कडकपणा उतरवतात. हे टेम्परिंग. मेसेजवाल्या गुरुजींनी नेमकं तेवढंच गाळलंय. असं ठिसूळ पातं लाकडात रोवून वर दगडानं ठोकलं की त्याचा कपचा उडतो, आणि ठोकणाऱ्याचा चेहरा तिथून हातभर अंतरावर असतो.

बरं, चाकू कोणत्या पोलादाचा, हे तरी विचारायचं! १०९५ नावाचं साधं कार्बन पोलाद आठशे अंशांच्या आसपास कडक करता येतं. ४४०सी या स्टेनलेसला हजाराच्या वर न्यावं लागतं. घरचा गॅस फार तर टोक नि धार लाल करील, कारण तो भाग पातळ. पाठ मागेच राहील. म्हणजे कार्बनचं पातं धारेला जळेल, मिठाच्या पाण्यात त्याला तडा जाईल किंवा ते वेडंवाकडं होईल. स्टेनलेसचं उलट होईल: कारखान्यात नीट कडक केलेलं पातं तुम्ही स्वतःच्या हातानं मऊ कराल. मुठीचं प्लास्टिक आणि आतला गोंद वितळेल ते वेगळंच. लाल व्हायचीही गरज नाही. कार्बनच्या पात्याच्या धारेवर निळसर झाक उमटली म्हणजे तिथलं तापमान तीनशेच्या आसपास गेलं आणि कारखान्यानं दिलेला कडकपणा उतरला. भाच्याला एवढंच सांगितलं, “चाकू ठेव खाली आणि आईला चहा करू दे.”

आता चुंबक. हे खूळ कुठून आलं ते मला माहीत आहे. पुण्याच्या बोहरी आळीत स्टीलचे डबे घेताना आपल्याकडच्या बायका चुंबक लावून बघतात. डब्यांचं चांगलं स्टील, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलवालं ३०४, चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. तिथंही ही परीक्षा पुरती भरवशाची नाही, कारण निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. पण डब्याचा नियम चाकूला लावला की सगळं उलटं होतं. ३०४ कितीही तापवून बुडवा, कडक होत नाही. त्याला धार लागेल, पण चार कांदे चिरेपर्यंतच. पाणी पाजून कडक होणारी पोलादं, मग १०९५ असो, ४२० असो की ४४०सी, सगळी चुंबकाला चिकटतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली या धातुतज्ज्ञानं १९१३ साली जे स्टेनलेस ओतलं, त्यात सुमारे १२.८ टक्के क्रोमियम आणि पाव टक्क्याच्या आसपास कार्बन होता. त्याचा पहिला मोठा उपयोग सुऱ्यांसाठीच झाला, आणि तेही चुंबकाला चिकटणारंच. म्हणजे या मेसेजच्या हिशेबानं स्टेनलेसच्या सुऱ्यांचा मूळपुरुषच भेसळीचा!

चुंबकाचा चाकूच्या कामात एक खरा उपयोग आहे, तो भट्टीपाशी. ७७० अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड चुंबकाला धरेनासं होतं. साध्या कार्बन पोलादाचं काम करणारे कारागीर त्यावरून अंदाज बांधतात आणि अजून थोडं तापवून पातं बुडवतात. पातं थंड असताना चुंबकानं इतकंच कळतं की ते लोखंडाचं आहे.

नक्षीचं फार बोलत नाही. दक्षिण भारतातलं मुशीत वितळवलेलं वूट्झ पोलाद आणि त्याची लाट ‘दमास्कस’ नावानं जगभर गाजली हा इतिहास आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी नक्षी बहुतेक वेळा आम्लानं किंवा लेसरनं वरवर उमटवलेली असते. अगदी दोन पोलादं थरांनी जोडून घडवलेली खरी नक्षी असली, तरी पाणी नीट पाजलं होतं का, हे ती सांगत नाही.

जाडीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेही देऊन टाकतो. जाडी दुप्पट केली की पातं आठपट ताठ होतं. पण ताठ म्हणजे न मोडणारं नव्हे. तितक्याच बाकात जाड पात्याच्या पृष्ठभागावर ताण जास्त येतो. पातळ सुरी लवून परत येईल तिथं जाड पातं तडकू शकतं. शिवाय धारेमागे सहा मिलिमीटरचा ठोकळा असला तर ते कापत नाही, नुसतं फाकवतं. राजगडावर नेलेले बहुतेक सर्व्हायव्हल चाकू शेवटी कांदाच चिरतात, आणि तोही धड चिरत नाहीत.

करवतीचे दाते आणि पोकळ मूठ हे मात्र सजावटीचं प्रकरण नाही, चाकू मोडतो तो बहुधा इथूनच. जोरानं उचकटायला गेलं की पातं सहसा मधोमध मोडत नाही, मुठीच्या तोंडाशी मोडतं. मुठीत शिरणाऱ्या भागाला टँग म्हणतात. पात्याची रुंदी तिथं एकदम कमी होते, आणि तो कोपरा काटकोनात कापलेला असेल तर सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. “कॉर्नरला रेडियस ठेव, नाहीतर हार्डनिंगला क्रॅक जाईल”, म्हणजे कोपरा गोलसर ठेव, नाहीतर कडक करताना तडा जाईल, हे टूलरूममध्ये नव्या पोराला पहिल्या आठवड्यात ऐकवतात. पाठीवरचा प्रत्येक दाता म्हणजे असाच एक कोपरा. पोकळ मुठीत होकायंत्राला जागा करायची तर टँग आखूड करावा लागतो, म्हणजे सगळा भार एका नटावर किंवा गोंदावर. अखंड टँग असेल तरच चाकू चांगला, हेही मी म्हणत नाही. स्वीडनच्या बहुतेक मोरा चाकूंचा टँग मुठीच्या शेवटापर्यंत पोचत नाही, आणि तरी ते वर्षानुवर्षं चालतात. फक्त कोपरा नीट हवा आणि मूठ घट्ट.

कागदाच्या परीक्षेला एकच उत्तर पुरेसं आहे. सुऱ्यांची धार तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ८४४२-५. त्यात धार किती तीक्ष्ण आणि धार किती टिकते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. पातं ठरावीक दाबाखाली, सिलिका मिसळलेल्या जाड कागदाच्या गठ्ठ्यावर पुढेमागे चालवतात आणि दर फेरीत काप किती खोल गेला ते नोंदवतात. पहिल्या काही फेऱ्यांवरून तीक्ष्णपणा कळतो, सगळ्या फेऱ्यांची बेरीज म्हणजे टिकाऊपणा. मेसेजची परीक्षा पहिल्या फेरीतच थांबते. मऊ पत्र्यालाही पहिल्या दिवशी कागद कापण्याइतकी धार लावता येते. हीच गोष्ट घरी करायची तर काथ्याचा दोर घ्या, पन्नासेक वेळा कापा आणि मग कागद धरा. धार उजेडात धरून बघा: पांढरी रेघ चमकली तर तिथं ती बोथट झाली किंवा वळली. वळली असेल तर पोलाद मऊ, कपचे पडले असतील तर ठिसूळ.

गंजाचं थोडं मान्य करावं लागेल. सह्याद्रीच्या पावसात कार्बनचं पातं रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस दिसतं, आणि स्टेनलेसला त्या मानानं कमी जपावं लागतं. पण म्हणून कार्बनचं पोलाद वाईट ठरत नाही. ते लवकर आणि चांगली धार घेतं, पुसून तेलाचा हात मारला की झालं.

मग विकत घेताना काय बघायचं? दुकानदाराला पोलादाचं नाव आणि कडकपणाचा आकडा विचारा. बाहेर खडबडीत वापरायच्या चाकूला रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५६ ते ५९ म्हणजे ठीक. ‘जपानी स्टील’, ‘सर्जिकल स्टील’ असलं काही सांगितलं तर ते उत्तर नव्हे. नुसतं ‘४४०’ लिहिलं असेल तर पुढचं अक्षर विचारा, कारण ४४०एमध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के असतो आणि ४४०सीमध्ये ०.९५ ते १.२०. परत करायचा नसेल तर मुठीजवळ, धारेलगत कानस हलकेच फिरवा. कानस सहज चावली तर पातं मऊ. पाठीवर ही परीक्षा करू नका, काही कारागीर पाठ मुद्दाम मऊ ठेवतात. आणि एमआयडीसीत कुणी ओळखीचं असेल तर हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून कडक करणाऱ्या, एखाद्या शेडमध्ये कडकपणा मशीनवर मोजून घ्या. एक बारीक ठिपका पडतो, बाकी काही बिघडत नाही.

मेसेजच्या तळाशी ‘या चाकूला कुठलंही लायसन लागत नाही’ असंही लिहिलंय. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. ‘कमांडो’ छापलेलं दहा इंची पातं कंबरेला लटकवून स्वारगेटच्या एसटीच्या रांगेत उभं राहाल, तर ते कांदा चिरायला आहे हे हवालदाराला तुम्हीच पटवून द्यायचं.