मनाला टोचणारं वाक्य मराठीत असतं

माझ्या एफवायच्या वर्गात एक मुलगी स्कार्फ सोडायचीच नाही. गाडीवरून येताना मुली तोंडाला बांधतात तसा, नुसते डोळे उघडे. बाकीच्या जणी पार्किंगमध्येच गाठ सोडतात, ही वर्गातही तशीच बसायची. तोंडी परीक्षेला मी म्हटलं, "अगं, आता तरी काढ, आवाज नीट येत नाही." तिने काढला आणि गालावर हात ठेवूनच उत्तरं दिली. सगळी बरोबर. गालावर पिंपल्सचे डाग होते, एवढंच. नंतर हळूच म्हणाली, "मॅडम, सगळे तिथेच बघतात."

त्या रात्री मी इटलीतल्या पादोव्हा विद्यापीठाचा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचत बसले. आपल्या दिसण्याच्या काळजीने पोखरलेल्या 50 विद्यार्थिनी, मोबाइलवरचं एक अ‍ॅप आणि रोज काही मिनिटं असे 16 दिवस. स्क्रीनवर एकेक वाक्य येतं. घातक विचार असेल तर बोटाने वर ढकलून द्यायचा, आधार देणारा असेल तर खाली, आपल्याकडे ओढायचा. निम्म्या मुलींनी लगेच सुरुवात केली, निम्म्यांना 16 दिवस थांबवलं. आधी सुरू केलेल्या मुलींचा त्रास थांबलेल्या मुलींपेक्षा कमी झालेला दिसला.

मला हे पटतं. मुलीच्या मनात न्यूनगंड एका दिवसात बसत नाही, रोज थोडा थोडा बसतो. मग तो सैल करायलाही रोजचाच सराव लागणार. अर्थात 50 हा आकडा लहान आहे. अ‍ॅपवाल्यांच्या जाहिराती तर जपूनच वाचाव्यात. मेंदूच्या खेळांनी शाळेतली कामगिरी सुधारते अशा दाव्यांपायी ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या अ‍ॅपच्या कंपनीला 2016 मध्ये अमेरिकेत 20 लाख डॉलर मोजावे लागले होते.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. मी त्या स्कार्फवाल्या मुलीला असंच एक अ‍ॅप दाखवलं. वाक्यं इंग्रजीत. तिने वाचली, तिला अर्थही कळला, पण पेपरातला उतारा वाचावा तशी वाचली. कशी लागणार? तिला लहानपणापासून ऐकवलंय ते "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे", "हळद लावत जा गं", "फोटोत मागे उभी राहा". हे सगळं मराठीत आत गेलंय, आत्यांच्या आणि मावश्यांच्या आवाजात. ढकलायचं ते हेच वाक्य असायला हवं ना?

मग आम्ही दोघींनी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या केल्या. ती लिहायची आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवायची. "फोटोत मागे उभी राहा" ही चिठ्ठी तिने इतक्या जोरात ढकलली की ती खाली पडली. तिने उचलली नाही, मीही नाही.

हा काही उपचार नव्हे. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, तर समुपदेशकाकडेच जायला हवं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो वर्गाच्या फळ्यावर लिहून ठेवा.

आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांनो, मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना सोबत घेऊन असं अ‍ॅप मराठीत करा. तिची परवानगी घेऊन सांगते, आमच्याकडे 40 चिठ्ठ्या जमल्यात. हव्या असतील तर मेसेज करा.