"आपण काय नक्षलवादी आहोत का?" असं विचारणाऱ्या काकांना

परवा फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज परत आला. काकांनी टाकला, आत्याने हात जोडले, मावसभावाने पुढे तीन ग्रुपवर ढकलला. मेसेज थोडक्यात असा: महाराष्ट्राचा जनसुरक्षा कायदा (विशेष जनसुरक्षा विधेयक) फक्त नक्षलवाद्यांसाठी आहे, आता त्यात 'व्यक्ती' हा शब्दच नाही फक्त संघटना आहेत, निर्णय न्यायाधीशांचं मंडळ घेणार, चार राज्यांत असा कायदा आधीपासून आहे, गडचिरोलीसाठी तो हवाच, विरोधकांनीसुद्धा विरोध केला नाही, मग ओरडताय कशाला, आपण काय नक्षलवादी आहोत का?

काका, ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देऊन भांडण लावायचं नव्हतं म्हणून इथे सविस्तर लिहितोय, तुम्ही वाचाल याची खात्री आहे.

पहिलं, "फक्त नक्षलवाद्यांसाठी". विधेयकात नक्षलवादी म्हणजे कोण याची व्याख्या नाहीये. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा आलं, मग डिसेंबरात नागपूर अधिवेशनात परत आलं, संयुक्त समितीकडे गेलं, लोकांनी साडेबारा हजारांच्या वर सूचना-हरकती पाठवल्या, आणि समितीतून बाहेर आलं तेव्हा शब्द झाले "कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशाच संघटना". आता 'कडवी' कुठे सुरू होते आणि 'तशाच' मध्ये कोण कोण बसतं हे कुठे लिहिलंय? नाही लिहिलेलं, म्हणजे जे सरकार असेल ते ठरवणार.

व्याख्या आहे ती 'बेकायदेशीर कृत्या'ची, आणि ती नीट वाचा, कारण सगळं त्यातच आहे. हे कृत्य नुसतं हाताने केलेलं नाही, तोंडाने बोललेलं, लिहिलेलं, खुणेने किंवा चित्राने दाखवलेलं पण चालतं. सार्वजनिक सुव्यवस्थेत अडथळा आणणारं तर आहेच पण अडथळा आणण्याकडे 'कल' असलेलंसुद्धा. कायद्याची आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा प्रचार करणं, हेही त्यात. आणि रेल्वे, रस्ता, हवाई, जलमार्गाची वाहतूक विस्कळीत करणं, तेही त्यात.

रस्त्याची वाहतूक, काका. नोव्हेंबर २०२३ ला उसाच्या दरासाठी शिरोलीला पुणे-बंगळूर हायवे अडवला होता तेव्हा आपल्या गावातून किती ट्रॅक्टर गेले ते तुम्हाला माहितीये. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीसाठी शेतकरी नागपूरला हायवेवर बसले. शक्तिपीठ महामार्गात जमीन जाणारे लोक मोजणीला आलेल्या माणसांना शेतात येऊ देत नाहीत. यातलं कोणी बंदूक घेऊन आलेलं नव्हतं, पण ती व्याख्या समोर ठेवून बघा कोण कोण तिच्यात बसतं. उद्या लगेच सगळ्यांना उचलतील असं मी म्हणत नाहीये. उचलायचं ठरवलं तर अडवणारा शब्द त्या कागदावर नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि अवज्ञेचं म्हणाल तर आपल्याच शिराळा तालुक्यात बिळाशीला १९३० साली काय झालं? जंगलचा कायदा मोडला, उघड मोडला, लोकांना सांगून मोडला. त्याच वर्षी तिकडे चिरनेरला लोकांनी तेच केलं आणि गोळ्या खाल्ल्या. आपण शाळेत त्यांची नावं अभिमानाने घेतो. ते इंग्रजांचं राज्य होतं हे मान्य, पण लोकशाहीतपण चुकीचा कायदा शांतपणे मोडून शिक्षा भोगायला तयार होणं हा मार्ग उरतोच, संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक तसेच तुरुंगात गेले.

दुसरं, "आता व्यक्ती नाही, फक्त संघटना". हे वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं कारण हे ऐकायला खरं वाटतं. अहो संघटना तुरुंगात जाते का? जातो माणूसच. बंदी घातलेल्या संघटनेचा सदस्य असलात तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड. सदस्य नसलात पण वर्गणी दिलीत, मदत केलीत, सदस्याला घरात आसरा दिलात तर २ वर्षं आणि २ लाख. बेकायदेशीर कृत्य केलं, त्याला साथ दिली किंवा नुसता बेत केला तर ७ वर्षं आणि ५ लाख. सगळे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिवाय संघटनेसाठी वापरलेली जागा जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त ताब्यात घेऊ शकतात. म्हणजे शीर्षकातून व्यक्ती काढली आणि शिक्षेच्या कलमांत ती तशीच ठेवली.

तिसरं, संघटनेवरची बंदी योग्य आहे का हे तपासणारं न्यायाधीशांचं मंडळ. हो, समितीने इथे सुधारणा केली हे मी मान्य करतो, आधी तर नुसतं न्यायाधीश व्हायला पात्र असलेली माणसं चालणार होती, आता अध्यक्ष हायकोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. तिसरा सदस्य कोण माहितीये? हायकोर्टातला सरकारी वकील. सरकारची बाजू मांडणं हेच ज्याचं काम तोच सरकारचा निर्णय तपासणार. आणि जनहिताचं कारण देऊन सरकार काही माहिती उघड न करता ठेवू शकतं, मग आपल्यावर नक्की आरोप काय हेच कळलं नाही तर उत्तर कशाचं द्यायचं?

चार राज्यांचं तर बोलूच, कारण उदाहरण तिथलंच घ्यायला हवं. छत्तीसगडचा असाच कायदा २००५ चा. त्यात २००७ ला पकडलं कोणाला, डॉ. बिनायक सेन यांना, बालरोगतज्ज्ञ माणूस, आदिवासी भागात दवाखाना चालवणारा. तुरुंगातल्या एका आजारी माओवादी नेत्याला भेटायचे, त्याच्या चिठ्ठ्या बाहेर नेल्या हा आरोप. दोन वर्षं जामीन नाही, डिसेंबर २०१० मध्ये राजद्रोहाखाली जन्मठेप, आणि एप्रिल २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जामीन देताना विचारलं की कोणाकडे गांधींचं आत्मचरित्र सापडलं म्हणून तो गांधीवादी होतो का. हे जुनं झालं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ चं सांगतो. त्याच कायद्याखाली बस्तरच्या आदिवासी पोरांच्या 'मूलवासी बचाओ मंच'वर बंदी घातली. कारण काय दिलं तर विकासकामांना आणि सुरक्षा दलांच्या कॅम्पना विरोध करतात. गावात कॅम्प नको म्हणणं हे कारण पुरलं. आपल्याकडे धरण नको, खाण नको, हायवे नको म्हणणारी किती गावं आहेत ते मोजा.

गडचिरोलीबद्दल मी हलकं बोलणार नाही. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले, त्या घरांचं दुःख कुठल्याही राजकारणापेक्षा मोठं आहे. पण ज्यांनी ते केलं त्या माओवादी पक्षावर केंद्राची बंदी २००९ पासून आहे. बेकायदेशीर कृत्यं आणि दहशतवादाविरुद्धचा केंद्राचा यूएपीए आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा मकोका आहे, नवीन न्याय संहितेत दहशतवादाचं वेगळं कलम आहे. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा बडा नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवून आला, त्यात या नव्या कायद्याचा काय हात होता? काहीच नाही. केंद्राचे गृहमंत्री मार्च २०२६ पर्यंत नक्षलवाद संपवणार म्हणून सांगत होते आणि त्याच वेळी राज्यात त्याच्यासाठी नवा कायदा लागतोय, हे कसं जुळतं मला सांगा.

"यूएपीए अपुरा पडतो" असंही म्हणतात. अपुरा? दिल्लीच्या प्रा. साईबाबांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून यूएपीएखाली २०१४ ला धरलं, मार्च २०२४ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने निर्दोष सोडलं आणि ऑक्टोबरात ते वारले, सुटल्यावर त्यांना सात महिनेच मिळाले. आदिवासींसाठी काम करणारे ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, त्यांनाही यूएपीएच लावलेला, खटला उभा राहायच्या आधीच जुलै २०२१ मध्ये मुंबईत कोठडीत असतानाच गेले, हात थरथरतात म्हणून पाणी प्यायला स्ट्रॉ मागत होते. एवढं करू शकणारा कायदा ज्यांना कमी पडतो त्यांना आणखी काय करायचंय, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

विरोधकांचं मात्र मेसेजमध्ये बरंचसं खरं आहे आणि ते लपवणार नाही. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने विधेयक पास झालं आणि सरळ उभं राहून विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोलेंनी, एकट्या माकपच्या आमदाराने. बाकीचे दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत सभात्याग करून बाहेर पडले, पण आदल्या दिवशी कुठे होते? याचा जाब आपण त्यांना विचारायलाच हवा. पण ते गप्प बसले म्हणून कलमं बदलत नाहीत.

आता शेवटचं, "आपण काय नक्षलवादी आहोत का". काका, तुम्ही दरवर्षी वारीला जाता. विधेयक पास व्हायच्या आठवडाभर आधी विधान परिषदेत सत्ताधारी आमदार मनीषा कायंदे यांनी आरोप केला की वारीत अर्बन नक्षल घुसलेत, आणि बोट दाखवलं ते संविधान दिंडीसारख्या लोकांकडे. मागच्या वर्षी त्यातल्याच एकाने तुम्हाला संविधानाच्या प्रास्ताविकेचा कागद दिला होता आणि तुम्ही तो घरी आणून देव्हाऱ्याशेजारी लावलात. तो अजून तिथेच आहे. कलम वाचून झालं की मला फोन करा, ग्रुपवर नको, फोनच करा.