सॉल्व्हँगला गेलात तर चर्चही बघा

कॅलिफोर्नियातल्या सॉल्व्हँग या डॅनिश लोकांनी वसवलेल्या गावावरच्या तुमच्या लेखात तिथल्या पवनचक्क्या आणि बेकऱ्यांबद्दल छान लिहिलंय, पण तिथलं बेथानिया चर्च राहिलंच! १९२८ सालचं. आत शिरून मान वर केली की छताला टांगलेलं शिडाचं जहाज दिसतं, दोरखंडांसकट. दर्यावर्दी डेन्मार्कची ही जुनी रीत. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी ती इथेही जपली, हे बघून मला गलबलून आलं. १९११ मध्ये त्यांनी हे गाव वसवलं आणि लगेच शाळा काढली, हेही मला फार मोठं वाटतं.

आणि एब्लेस्किव्हर, म्हणजे गोल डॅनिश पॅनकेक! थेट आपल्या अप्पेपात्रासारखा खळग्यांचा बिडाचा तवा, टोकदार सळईने गोळा अलगद फिरवतात, वर रासबेरीचा जॅम नि पिठीसाखर. गरमच खा, गार झाले की मजा जाते.