दाजी, इथं जरा गाडी बाजूला घ्या

पुण्याहून बार्शीला जाणारे सगळे सोलापूर हायवेनं टेंभुर्णीपर्यंत सुसाट जातात आणि मग डावीकडे वळतात. जुन्या रेल्वेच्या खुणा बघायला आम्ही भिगवणलाच हायवे सोडतो. आमचे दाजी गाडी चालवतात. त्यांना हा उलटा रस्ता अजिबात पटत नाही, पण डिझेल मी भरतो.

आत डिकसळजवळ भीमेवर जुना दगडी पूल आहे. रस्त्यासाठी बांधलेला पूल असा नसतो. हा अरुंद आहे, नाकासमोर सरळ आहे, कारण मुळात तो रेल्वेचा. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली ती याच वाटेनं. पुढे उजनी धरण झालं, फुगवटा वाढला, लोहमार्ग बाजूला हलवला. पूल मात्र तिथंच राहिला आणि इंदापूर-करमाळ्याकडच्या लोकांनी तो रस्ता म्हणून वापरायला घेतला. रेल्वे गेल्यावरही ऊस, दूध, वऱ्हाडं सगळं त्याच्यावरून गेलं. आता त्याची तब्येत नाजूक आहे, दगड निखळलेत, तेव्हा आधी चौकशी करूनच त्या वाटेला जा.

जुन्या रेल्वेचं जे कुणाच्या तरी कामाला येतं तेच टिकतं, असं माझं ठाम मत झालंय. इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवलं की आपल्याला वाटतं वारसा जपला. फोटोपुरतं ते बरं आहे. पण रेल्वे म्हणजे नुसतं इंजिन नव्हे. भराव, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या, फाटकवाल्याची खोली, हे सगळं मिळून रेल्वे होते, आणि ते बघायला रस्त्यानंच जावं लागतं.

जेऊर, केम (हो, कुंकवाचं केम) करत कुर्डुवाडीकडे जाताना मधे फाटक बंद मिळालं तर गाडीतले सगळे चिडतात, मी खाली उतरतो. मालगाडीच्या इंजिनावर डब्ल्यूएजी-९ लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (रुंद रूळमार्ग), ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे मालगाडी. दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेल्या नॅरोगेजच्या इंजिनाला झेड असायचा. भाच्याला हे एकदा सांगितलं, आता तो प्रत्येक इंजिनाची फोड करत बसतो आणि दाजी माझ्याकडे आरशातून बघतात.

झेडचा मुलूख कुर्डुवाडीपासून सुरू व्हायचा. या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले आणि १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. त्याचा हिशोब साधा होता. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात. गाड्या इकडे पाठवण्याआधी त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून त्या चालवून दाखवल्या होत्या. १९०६ला लाइन पंढरपूरला गेली, १९११ला लातूरला, १९२७ला मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटर! बार्शीचा कापूस आणि पंढरीचे वारकरी तिनं वाहिले. तिच्या संथ चालीवर चेष्टा करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

आता ती सगळी ब्रॉडगेज झाली, आणि झाली ते उत्तमच झालं. लातूरहून थेट मुंबईला झोपून जाता येतं, धाराशिव शहरात गाडी येते. नॅरोगेज येडशीवरून परस्पर कळंब रोडकडे जायची, धाराशिव बाजूलाच राहायचं. नव्या मार्गानं धाराशिववरून वळसा घेतला, म्हणून मधला जुना तुकडा ओस पडला. नॅरोगेजसाठी गळे काढणाऱ्यांतला मी नाही. सहा तास खुळखुळत जाणाऱ्याला विचारा.

पण बार्शी-येडशी रस्त्यानं जाताना डोळे उघडे ठेवा. शेताला मधोमध कापत जाणारा, बांधापेक्षा उंच, हळूच वळणारा मातीचा पट्टा दिसला आणि त्यावर फक्त बाभळी असल्या, तर तो बहुतेक भराव असतो. बैलगाडीची वाट इतक्या सावकाश वळत नाही. एका वस्तीजवळ कुंपणाचे खांब रुळांचे दिसले. जेमतेम चार बोटं उंचीचा रूळ, वरून चुना फासलेला. मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरं होती, कारखान्याचं नाव आणि साल असतं तिथं. नखानं चुना खरवडला तर १ आणि ९ लागले, पुढचे आकडे गंजानं खाल्लेले. तेवढ्यात मालक आले. "रेल्वेचाच हाय. म्हशीला लई बेस." बोलणंच खुंटलं.

माझी तक्रार एवढीच आहे की यातल्या कशावरही साधी पाटी नाही. रस्त्याकडेला गुटख्याच्या जाहिरातीला जागा आहे, "इथून एके काळी रेल्वे जायची" एवढं लिहायला नाही.

आणि विदर्भातली शकुंतला ही नॅरोगेज गाडी या हिशोबात धरू नका. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही लाइन मोडून तिथं दुसरी काही आली नाही. गाडी थांबली, रूळ झुडपात गेले, लोक ब्रॉडगेजची वाट बघतायत. तिथं गाडी थांबवून फोटो काढताना मला अवघडल्यासारखं होतं. बार्शीला गंजलेला रूळ बघणं ही हौस झाली. दारव्ह्याच्या माणसासाठी तो बुडालेला स्वस्त प्रवास आहे.

येडशी ते कळंब रोड या तुकड्यातल्या मोऱ्या आणि पूल मी नीट बघितलेले नाहीत. त्या भागातल्या कुणाला माहीत असेल, तर कोणत्या गावापासून आत वळायचं ते कमेंटमध्ये सांगा. दाजींना मी तयार करतो.