‘समोर नसला की माणूस काम करत नाही’: एका फिरत्या संदेशाला उत्तर

टीम सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक संदेश अधूनमधून येऊन पडतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: “रिमोट टीम म्हणजे नाइलाज. माणूस समोर नसला की टंगळमंगळ करणारच. उपाय एकच, रोज सकाळी कॉल, कॅमेरा चालू, चॅटवर नावाशेजारच्या हिरव्या ठिपक्यावर नजर. नव्या कल्पना ऑफिसच्या कॉरिडॉरमध्येच सुचतात आणि नवखा माणूस घरी बसून काही शिकत नाही.” खाली अंगठ्यांची रांग. यातल्या शेवटच्या दाव्यात बरंच तथ्य आहे, त्यावर येईनच. आधी बाकीचे.

टंगळमंगळीचं म्हणणं तपासून झालेलं आहे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये 9 महिने प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी कोणाला घरी बसवायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. घरी बसलेल्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. वाढीचा मोठा भाग जास्त मिनिटं काम झाल्यामुळे होता: सुट्ट्या आणि मधली विश्रांती कमी झाली. कॉल सेंटरचं काम मोजायला सोपं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्याच कंपनीतला पुढचा अभ्यास पाहावा, 2024 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला. त्यात इंजिनिअर, मार्केटिंग आणि फायनान्सवाले मिळून 1,612 जण होते. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांच्या मूल्यमापनात आणि बढतीत दोन वर्षांत फरक दिसला नाही. राजीनामे एक तृतीयांशाने घटले. हे पूर्ण रिमोट नव्हतं, तेव्हा त्यावरून सगळंच सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. पण ‘करणारच’ हा शब्द टिकत नाही एवढं नक्की.

पहिल्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र या संदेशात कधीच नसते. तितकंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. म्हणजे नजरेआड गेल्यावर काय बिघडलं असेल, तर साहेबांची स्मरणशक्ती. बढतीच्या यादीवर सही करण्याआधी दूर बसलेल्यांची नावं वेगळी काढून प्रत्येकासमोर वर्षभरात पार पडलेलं काम लिहून बघा. कॅमेऱ्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

आता तो हिरवा ठिपका. माणूस जागेवर आहे एवढंच तो सांगतो, आणि तेही खात्रीने नाही. माउस आपोआप हलवणारी उपकरणं बाजारात मिळतात, ती उगाच नाही. तुम्ही हजेरी मोजलीत की लोक हजेरी देतात. सकाळच्या कॉलचंही तसंच. आठ जण पाळीपाळीने “काल अमुक केलं, आज तमुक करणार” म्हणतात, सात जण म्यूटवर स्वतःची मेल वाचतात. “पेमेंटचं काम जवळपास झालंय” हे वाक्य सोमवारी येतं आणि गुरुवारीही तसंच येतं. कॅमेरा चालू असतो, चेहरे दिसत असतात, काम कुठे अडलंय ते कोणालाच दिसत नाही. त्याऐवजी त्याच माणसाने टीमच्या चॅट चॅनेलवर असं लिहिलं असतं तर?

“पेमेंट: कार्ड आणि यूपीआय चालतंय. रिफंड अडलंय, बँकेच्या टेस्ट सर्व्हरवर परवानगी नाही. ती उद्या दुपारपर्यंत मिळाली नाही तर रिफंड या रिलीजमधून वगळू. कोणाची हरकत असेल तर आजच सांगा.”

लिहायला पाच मिनिटं. काय झालं, कशावर अडलं, कधीपर्यंत थांबायचं, निर्णय काय, सगळं आलं. वेगळ्या टाइमझोनमधला माणूस उठल्यावर हे वाचून परवानगी मिळवून देऊ शकतो. कॉल त्याच्या मध्यरात्री झाला असता. लिनक्स या संगणक प्रणालीचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, 1991 पासून जगभर विखुरलेली माणसं मिळून बांधतायत, मुख्यतः ईमेलवर. बदल सुचवणाऱ्याने तो का हवा हे लिहायचं आणि बाकीच्यांनी सगळ्यांदेखत त्याची चिरफाड करायची, ही तिथली रीत. तिथे कोणी कोणाचा ठिपका बघत नाही. ज्या टीममध्ये निर्णय फोनवर होतात आणि कुठेच लिहिले जात नाहीत, ती ऑफिसात बसली तरी हाच गोंधळ घालते. फक्त तिथे मागे वळून विचारता येतं, म्हणून तो झाकला जातो.

कॉरिडॉरचं म्हणणं अर्धं खरं आहे. 2022 मध्ये ब्रक्स आणि लेवाव या संशोधकांनी दाखवलं की व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा कमी कल्पना सुचतात. मात्र सुचलेल्यांतून चांगली निवडण्यात त्या कमी पडल्या नाहीत. तेव्हा वर्षातून काही वेळा टीमला एकत्र आणा, पण त्या दिवसांत प्रेझेंटेशनचं गुऱ्हाळ लावू नका. आणि शेजारी बसवलं की गप्पा आपोआप होतात, हेही गृहीत धरू नका: 2018 च्या एका अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढून ऑफिस मोकळं केल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. लोकांनी कानात हेडफोन घातले तर नवल काय.

राहिला नवखा माणूस. इथे संदेशाचं म्हणणं मला बऱ्याच अंशी मान्य आहे. टीमजवळ बसणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांना कोडवर जास्त सूचना मिळतात, विशेषतः नवख्यांना, असं एका मोठ्या कंपनीतल्या अभ्यासात दिसलं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की जवळ बसल्याने अनुभवी इंजिनिअरांच्या हातून कोड कमी लिहिलं जातं, कारण त्यांचा वेळ शिकवण्यात जातो. ऑफिसात हा खर्च कोणाच्या हिशेबात नसायचा. रिमोटमध्ये तो कोणी करतच नाही, कारण नवखा विचारायला बिचकतो आणि सीनिअरला स्वतःची डेडलाइन दिसत असते. सीनिअरला रोजचा एक तास स्क्रीन शेअर करून नवख्यासोबत बसायला सांगा, तो तास त्याच्या कॅलेंडरवर लावा आणि तेवढं काम त्याच्या यादीतून खरोखर कमी करा. शेवटचं केलं नाहीत, तर दुसऱ्या आठवड्यात तो तास रद्द झालेला दिसेल.