चिंगीला तिचा वेळ घेऊ द्या

दत्तक घेतलेलं कुत्रं घाबरट निघालं की आपल्याकडे ठरलेला सल्ला मिळतो, "न्या ओढत, होईल सवय." ढोलाला घाबरतंय तर ढोलापाशी उभं करा, माणसांना घाबरतंय तर आल्यागेल्याला हात लावू द्या. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. पळायला वाट नसलेलं कुत्रं थोड्या वेळाने गप्प बसतं आणि आपण म्हणतो, बघा, झाली सवय. प्रत्यक्षात त्याने हाय खाल्लेली असते.

आमची चिंगी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या रस्त्यावरून आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आली. चांगली मोठी होती, कानाला नसबंदीची खूण होती. पिल्लाचं जगाशी ओळख करून घ्यायचं खरं वय साधारण ३ ते १४ आठवडे. त्या वयात जिला फरशी, लिफ्ट, मिक्सर दिसलाच नाही, तिला तो मोठेपणी राक्षस वाटणारच. त्याला नाटकं म्हणू नका.

तिला सगळ्यात धास्ती कुकरच्या शिट्टीची. शिट्टी झाली की दिवाणाखाली, आणि मग जेवणसुद्धा नको. मी शिट्टीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला. तो इतका बारीक लावायचा की तिचा फक्त कान हलावा. आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी आवाज, मग चिकन, हा क्रम फार महत्त्वाचा. उलटं केलं तर चिकन दिसलं की शिट्टी होणार, हे तिच्या डोक्यात बसतं आणि ती चिकनपासूनही पळते. आवाज ऐकून ती माझ्या हाताकडे बघायला लागली की एक घर वाढवायचा. तुकडा तोंडात घेतला नाही तर आवाज जास्त झालाय, मागे या. या सगळ्या काळात खरा कुकर ती आईबरोबर गच्चीवर असतानाच लागायचा, नाहीतर भात पातेल्यात. आता शिट्टी झाली की चिंगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि माझ्याकडे बघते, आण म्हणून.

शेजारच्या काकू फार मायाळू. म्हणायच्या, "अगं, जवळ घे, कुरवाळ तिला, भीती पळेल." पण डोक्यावर वाकून हात पुढे करणारा अनोळखी माणूस घाबरलेल्या कुत्र्याला धमकीच वाटतो. झोप नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं "लांब राहा" असं सांगणं आहे. काकूंना मी तिरकं बसायला सांगितलं, नजर दुसरीकडे, आणि खाऊ चिंगीच्या पलीकडे टाकायचा. खाऊ घ्यायला ती लांब जाते, तिचा जीव हलका होतो, आणि परत यायचं की नाही ते तीच ठरवते. ते ठरवायची मुभा मिळाली की कुत्र्यात धीर येतो, असं माझं मत आहे.

घाबरून ती स्वतः येऊन चिकटली तर मात्र खुशाल जवळ घ्या. लाडाने भीती वाढते हा गैरसमज आहे. आणि गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका. गुरगुरणं बंद पाडलंत तर पुढच्या वेळी इशारा न देता चावा बसेल.

नाशिक ढोल माझ्याही जिवाचा आहे. पण गणपतीच्या आधी कितीतरी दिवस संध्याकाळी सराव सुरू होतात, त्यामुळे ढोलाचं रेकॉर्डिंग उन्हाळ्यातच बारीक आवाजात लावायला लागा. मिरवणुकीच्या आणि दिवाळीच्या दिवसांत फिरणं उजेडी उरकायचं, मग आतली खोली, बंद खिडक्या, पंखा आणि टीव्ही चालू. पट्ट्यावर फोन नंबर हवाच, कारण फटाक्याने बिथरलेलं कुत्रं दार उघडं दिसलं की सुटतं.

खाऊवरून आठवलं. आपल्या घरात हंगामात द्राक्षांच्या पेट्या येऊन पडतात. कुत्र्याला द्राक्ष किंवा बेदाणा देऊ नका, एखादाही नको. त्याने किडनी निकामी होऊ शकते.

इतकं करूनही कुत्रं खात नसेल, झोपत नसेल, तर पशुवैद्याकडे जा. कधी दुखणं असतं, म्हणून ते हात लावू देत नाही. कधी भीतीवर गोळ्या लागतात, त्यात कमीपणा कसला? भीती थोडी ओसरली तरच ते काही शिकू शकतं.

चिंगी अजून लिफ्टमध्ये चढत नाही. आम्ही जिन्याने जातो. जिन्यात भेटलात तर कृपा करून तिला हाक मारू नका, हात पुढे करू नका. भिंतीकडेला थांबा आणि तिला आधी जाऊ द्या.