‘लगा’ कुणाला म्हणायचं?

फुलांच्या हंगामात कासला निघालेली पोरं साताऱ्यात गाडी थांबवतात आणि बापाच्या वयाच्या चहावाल्याला म्हणतात, "काय लगा, चहा नाद खुळा!" डोकंच फिरतं. अरे, ‘लगा’ बरोबरीच्या दोस्ताला म्हणायचं असतं! ‘नाद खुळा’ म्हणजे कुणी जीव ओतून काही केलं, शर्यतीत बैल उधळत पुढं आला, तर तोंडातून आपसूक निघालेली दाद. अर्ध्या कप चहाला कसला नाद खुळा? वर मलाच सांगतात, "जरा सातारी बोलून दाखव की." का म्हणून? माझ्या आजीची भाषा आहे ती, तुमच्या रीलसाठी मांडून ठेवलेली नाही. आणि थोरल्या माणसाला "ओ तात्या" म्हणायला काय पैसे पडतात?